रजेचे कारण : बालवाडीत बसणे

बाई मुलांना 'अहो' म्हणत आणि मुलांच्या आईबापांना 'अरे' नाहीतर 'अगं'. चार वर्षांच्या, नाक गळणाऱ्या पोराला त्या म्हणत, "अहो, नाक पुसता का जरा? रुमाल आहे ना तुमच्याकडे?" आणि त्याला सोडायला आलेला बाप, मग तो वकील असो की डॉक्टर, त्याला म्हणत, "अरे, दारात उभा राहू नकोस, उजेड अडतोय." एका बड्या अंमलदाराच्या बायकोनं याबद्दल एकदा नाराजी दाखवली. बाई म्हणाल्या, "अगं, तुला सगळं नाशिक अहो-जाहो करतं. माझ्या एकटीच्या अगंनं तुझं काय कमी होणार आहे? यांना मात्र दुसरं कुणी अहो म्हणत नाही." अंमलदाराच्या बायकोनं दुसऱ्याच दिवशी मुलाला शाळेतून काढलं आणि पंधरा दिवसांनी मुकाट्यानं परत आणून बसवलं. "अहो, जेवता का?" असं विचारल्याशिवाय पोरगं म्हणे घरी घास घेईना.

शाळा म्हणजे बाईंचं राहतं घर. गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला कौलारू बैठं घर, पुढे लांब पडवी, मागे पेरूची पाच-सहा झाडं. दारावर पाटी नव्हती. पंचवीस मुलं झाली की बाई प्रवेश बंद करत, आणि मग कुणाचीही चिठ्ठी आणा, उपयोग नसे. तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे होत्या. फिकट सुती पातळ, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. ते घड्याळ बरोबर पंधरा मिनिटं मागे असायचं, आणि शाळा त्या घड्याळावर चालायची. का, असं विचारलं तर म्हणत, "माझ्या शाळेत कुठल्याही मुलाला उशीर होत नाही." घंटा म्हणजे एक पितळी परात होती. ती उलथन्यानं बडवायचा मान रोज वेगळ्या मुलाला मिळे.

बाईंबद्दल गावात तीन गोष्टी सांगितल्या जात. सरकारी शाळेत असताना त्यांनी तपासणीला आलेल्या साहेबाला वर्गाबाहेर काढलं, ही एक. त्यांचं लग्न ठरलं होतं, पण नवऱ्या मुलानं बघायच्या कार्यक्रमात गणिताचा प्रश्न विचारला म्हणून त्या उठून गेल्या, ही दुसरी. तिसरी मी सांगत नाही, ती उघड उघड खोटी आहे. पहिल्या दोन मी एकदा धीर करून विचारल्या होत्या. बाई म्हणाल्या, "तुला कुठली आवडली? ती खरी."

माझा आणि त्यांचा संबंध आला तो आमच्या सुजातामुळे. बांगलादेशच्या लढाईला दोन-तीन वर्षं झाली होती. मी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर होतो. पंचवटीच्या बाजूला एका कॉलनीत आम्ही भाड्यानं राहत होतो आणि सकाळी आडगाव नाक्यावरून मला कारखान्याची बस मिळायची. सुजाता चार वर्षांची. घरात तिची बडबड अखंड चालू, बोळक्यांशी, भिंतीवरच्या पालीशी, डब्यातल्या साखरेशी. पण एकदा उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. शेजारी नाही, दुकानात नाही, माझ्या सख्ख्या बहिणीशीसुद्धा नाही. डॉक्टरांनी कान तपासले, जीभ तपासली, म्हणाले सगळं ठीक आहे. कॉलनीतल्या बायकांनी वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं, तेही केलं. तोंड कडू झालं म्हणून ती घरात अर्धा तास बोलली आणि बाहेर गेल्यावर पुन्हा गप्प.

मला तिला इंग्रजी शाळेत घालायचं होतं. कारखान्यातल्या साहेबांची मुलं जात त्याच मोठ्या शाळेत. तिथं बालवर्गात जायलाही मुलाखत असे. दोन महिने मी रोज संध्याकाळी तिला समोर बसवून घोकून घेतलं. व्हॉट इज युवर नेम, हाऊ ओल्ड आर यू, व्हॉट इज युवर फादर. सगळं पाठ. मुलाखतीच्या दिवशी मोठ्या मॅडमनी अगदी गोड आवाजात तिला नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं. ती गप्प. तिसऱ्यांदा विचारलं आणि मी म्हणालो, "सुजाता." मॅडम हसल्या, म्हणाल्या, "आम्हाला मुलीकडून ऐकायचंय. काही घाई नाही. बोलायला लागली की पुढच्या वर्षी आणा."

परत येताना मी सायकल चालवत होतो आणि ती पुढच्या दांड्यावर बसली होती. होळकर पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा नदीकडे बघत ती खणखणीत आवाजात म्हणाली, "माय नेम इज सुजाता. आय ॲम फोर इयर्स ओल्ड." मी सायकल थांबवली. मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की दोन्हींपैकी काय करावं तेच कळेना. शेवटी तिला नुसतं विचारलं, "अगं, मघाशी काय झालं होतं?" तिनं उत्तर दिलं नाही. तिच्या दृष्टीनं आम्ही अजून बाहेरच होतो, आणि नदी काही माणूस नव्हती.

आमच्या खात्यातल्या फोरमननी बाईंचा पत्ता दिला. त्यांचा मुलगा तिथून निघाला होता. ते म्हणाले, "बाई सरळ वेड्या आहेत. पण मुलं चांगली निघतात. एक सांगतो, मुलीची काळजी करू नका. त्या त्रास तुम्हाला देतील."

पहिल्याच दिवशी त्याचा प्रत्यय आला. बाई पडवीत उकिडव्या बसून सतरंजीला शिवण घालत होत्या. सुजाताकडे बघून म्हणाल्या, "या. कुठून आलात?"

"पंचवटीतून," मी म्हणालो.

"तुला विचारलं का?"

मी गप्प झालो. सुजाता तर होतीच गप्प. बाईंनी तिच्याकडे पुरतं मिनिटभर बघितलं, मग म्हणाल्या, "बरं. सांगावंसं वाटलं की सांगा. तोपर्यंत ही सुई धरता का? दोरा ओवते मी." सुजातानं सुई धरली. मग बाई माझ्याकडे वळल्या. "हं. तुझं काय म्हणणं आहे?"

माझं म्हणणं मी सांगितलं. मुलगी बाहेर बोलत नाही, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा मुलाखत आहे, तोपर्यंत बोलायला हवी, नाहीतर तिचं वर्ष जाईल, आणि नुसतं वर्ष नाही, सगळंच जाईल. बोलता बोलता माझा आवाज चढला होता. बाईंनी ऐकून घेतलं आणि एका जाड वहीत लिहिलं, "सुजाता." पुढे, तिच्या फ्रॉकच्या फुगलेल्या खिशाकडे बघून, "गूळ-शेंगदाणे आवडतात." एवढंच. मी वाट बघत होतो. शेवटी मीच विचारलं, "बाकीचं? वडिलांचं नाव, आडनाव?"

"मला काय पंचनामा करायचाय?" बाई म्हणाल्या आणि वही मिटली.

त्या क्षणी मला किती बरं वाटलं हे बाईंना कळलं नसेल. का बरं वाटलं ते मी सुजाताच्या आईलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. आमचं गाव दिंडोरी तालुक्यातलं. शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी मला पूर्ण नाव विचारलं. आजोबांनी ते आठ दिवस घोकून घेतलं होतं, म्हणून मी ऐटीत, मोठ्यानं सांगितलं. आडनाव ऐकल्यावर गुरुजींनी छडीनं दाराजवळची जागा दाखवली. चार वर्षं मी त्या दाराजवळ बसलो. पुढे आमच्या घरानं धम्म स्वीकारला, मी आयटीआय केलं, नोकरी लागली, पण कुणी नाव विचारलं की अजूनही मला ती दाराजवळची जागा दिसायची. मग मी पहिलं नाव झटकन सांगायचो आणि विषय बदलायचो. पोरीला कुणी विचारलं की तिचंही मीच सांगून टाकायचो, पुढचा प्रश्न यायच्या आत. तेव्हा हे असं माझं मला दिसत नव्हतं. मी स्वतःला हुशार समजत होतो.

बाईंच्या शाळेची एकच अट होती, आणि ती पालकांना होती. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. बाईंकडे आईबाप वार लावून बसायचे. महिन्यातून एक वार आईचा, एक बापाचा. साडेआठ ते अकरा मुलांबरोबर सतरंजीवर बसायचं, मुलं करतील ते करायचं, आणि एक शब्द बोलायचा नाही. मुलांनी काही विचारलं तरी नाही. मान हलवली तरी बाई म्हणत, "मानसुद्धा गप्प ठेव." जो बोलला त्याचा वार बाद. त्याला दिवाळीपर्यंत पुन्हा बसायला मिळायचं नाही, आणि बाद झालेल्या वाराचा उरलेला वेळ कधी ना कधी भरून द्यावा लागायचा. त्याला मुदत नव्हती, पण माफीही नव्हती.

सुजाताच्या आईनं पहिला वार केला आणि अगदी फुलून घरी आली. "अडीच तास कुणी काही मागितलं नाही, मलाही काही सांगायचं नव्हतं," ती म्हणाली. "मला रोज पाठवा."

माझा वार जुलैमधला गुरुवार होता. रजेच्या अर्जात मी खरं कारण लिहिलं : बालवाडीत बसणे. फोरमननी तो अर्ज खात्यात मोठ्यानं वाचून दाखवला. नंतर वर्षभर मला सगळे 'विद्यार्थी' म्हणत होते.

त्या दिवशी चिंचोके मोजायचे होते. ज्यानं त्यानं मूठभर घ्यायचे, पुढे मांडायचे आणि बाई आल्या की किती ते सांगायचं. मी माझे अकरा मांडले. सुजाता समोरच्या रांगेत होती. तिनं सात चिंचोके इतक्या सरळ ओळीत लावले होते की मला अभिमान वाटला. बाई एकेकापाशी थांबत येत होत्या. "अहो, तुमचे किती?" "नऊ." "अहो, तुमचे?" "लय हायेत." "छान. तुमचे?" त्या सुजातापाशी आल्या. थांबल्या. सुजातानं चिंचोक्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे. तिच्या ओठांची हालचाल झाल्यासारखी मला वाटली.

"सात," मी म्हणालो.

बाई वळल्या. "ऊठ."

"बाई, ती सांगणारच होती हो..."

"म्हणूनच ऊठ."

साडेनऊ वाजता मी सायकल ढकलत घरी निघालो. कुणीतरी मला पुन्हा दाराजवळ बसवल्यासारखं वाटत होतं, फरक एवढाच की या वेळी माझी चूक होती. सहामाहीला बाईंनी पालकांची प्रगतिपुस्तकं दिली. हो, पालकांची. मुलांची नसायची. सुजाताच्या आईच्या पुस्तकात होतं, "समाधानकारक. चिंचोके उत्तम मांडते." माझ्या पुस्तकात होतं, "मध्ये बोलतो. वार अपूर्ण."

सुजाता तोपर्यंत बोलली नव्हती. एक अक्षर नाही. पण ती रोज उड्या मारत शाळेत जायची. घरी येऊन सगळं सांगायची, कोण पडलं, कुणाच्या डब्यात काय होतं, बाईंच्या बुटाला भोक कुठे आहे. बाई अक्षरं शिकवत नसत. मुलानं मागितलं तरच, आणि मागितलं तेच अक्षर देत. मंदा नावाची एक मुलगी होती, दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराची नात, शाळेसाठी काकाकडे राहणारी. तिनं 'ळ' मागितला. का, तर तो दिसायला फुलपाखरासारखा. चार महिने तिला तेवढंच येत होतं. तिचे आजोबा एकदा बागेतल्या फवारणीच्या कपड्यांतच तडक आले. "बाई, पोरीला फक्त ळ येतोय, आता काय करावं?" बाई म्हणाल्या, "अरे, बाकीचे सगळे तिच्याकडे येतील. ळ मिळालाय म्हटल्यावर क कुठे जातोय?" आजोबा डोकं खाजवत गेले. मीही त्यांच्या मागून तसाच निघालो, कारण मलाही इंग्रजी मुळाक्षरांबद्दल तेच विचारायचं होतं.

स्नेहसंमेलनात मुलं खुर्च्यांवर बसली आणि पालकांनी कामं केली. एका बँकेचा मॅनेजर ससा झाला होता. सुताचं शेपूट लावून तो तीनदा आडवा पडला, कारण मुलांनी तीनदा 'पुन्हा' म्हटलं. मला झाड दिलं होतं. झाडाला बोलायचं नसतं, एवढं बाईंनी माझ्याबद्दल ओळखलं होतं.

दिवाळी झाली. मार्च चार महिन्यांवर आला. मी रात्री सुजाताला जवळ घेऊन सांगायचो, "बाळा, एकदा शाळेत नाव सांग ना. एकदाच." ती म्हणायची, "हो." आणि झोपायची.

दुसरा वार नोव्हेंबरातल्या गुरुवारी मिळाला. मागच्या झाडांचे पेरू उतरवले होते. बाई पाटावर बसून, आमच्याकडे पाठ करून, पेरूच्या फोडी करत होत्या आणि मुलं ताटल्या घेऊन रांगेनं जात होती. मी दात घट्ट मिटून सतरंजीवर बसलो होतो. एवढ्यात मंदा माझ्या शेजारी येऊन मांडी घालून बसली. मला नीट निरखून झाल्यावर म्हणाली, "ओ, तुमचं नाव काय हाय?"

मी समोर बघत राहिलो.

"ओ, मी तुमाला इचारतेय. नाव काय?"

चार वर्षांची पोर, हातात पेरू, आणि मला घाम फुटला.

मंदानं सगळ्यांना ओरडून सांगितलं, "ए, इकडं या रे! ह्यांना बोलताच येत नाय!"

सगळी शाळा माझ्याभोवती जमली. कुणी माझ्या तोंडात डोकावून पाहिलं. कुणी म्हणालं, मुके असतील. कुणी म्हणालं, दात दुखत असेल. "एवढे मोठे हायेत, तरी नाव नाय सांगता येत," मंदा म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरीखुरी कणव होती. बाईंची पाठ तशीच. सुरीचा आवाज तेवढा येत होता. मी डोळे मिटून घेतले. उठून जावं असं वाटलं. पण उठलो तर वार बाद.

मुलांना बाजूला सारत कुणीतरी पुढे आलं. मी डोळे उघडले तर समोर सुजाता उभी. एका हातात पेरूची फोड, दुसरा हात माझ्या खांद्यावर.

"मुके नाहीत," ती म्हणाली. "माझे बाबा आहेत."

मंदा म्हणाली, "मंग नाव का नाय सांगत?"

"मी सांगते." आणि तिनं माझं नाव सांगितलं. पूर्ण. माझं, माझ्या वडिलांचं, आणि आडनाव. आडनावावर तर तिनं चांगला जोर दिला, शेवटच्या मुलापर्यंत ऐकू जावं असा. मग म्हणाली, "ते विमानाच्या कारखान्यात आहेत. घरी खूप बोलतात."

मी वाट बघत होतो. कशाची, ते आता सांगायला लाज वाटते. आडनाव ऐकल्यावर काय होतं याची. पंचवीस मुलं माझ्याकडे बघत होती. मंदानं जरा विचार केला.

"बरं," ती म्हणाली. "पेरू खाता का?" आणि स्वतःची अर्धी खाल्लेली फोड तिनं माझ्या हातावर ठेवली.

मी ती खाल्ली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड मिटलेलं होतं, त्यामुळे ती गिळायला फार वेळ लागला. पाठीवरचा एवढा मोठा धोंडा उतरल्यावर माणसाला आधी चालताच येत नाही, तसं काहीसं झालं होतं. बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. एवढंच म्हणाल्या, "अहो, उभ्यानं खाऊ नका. बसून खा सगळे."

हे बाईंनी जमवून आणलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. निघताना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी पेरू चिरत होते."

त्यानंतर सुजाता एकदम धो धो बोलायला लागली असं नाही. दोन शब्द, चार शब्द, मग मंदाशी भांडण, आणि भांडणानंतर मात्र थांबलीच नाही. मार्चमध्ये आम्ही त्या मोठ्या शाळेत गेलो. मॅडमनी नाव विचारलं. तिनं सांगितलं. वडिलांचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, जोर देऊन. मग मॅडमनी मला काहीतरी विचारलं आणि मी, इतक्या महिन्यांची धास्ती, दात मिटून गप्प बसलो. सुजाता त्यांना म्हणाली, "त्यांचा आज वार असेल. मला विचारा." तिची आई बाहेर येऊन हसून हसून पायरीवर बसली.

प्रवेश मिळाल्याचं पत्र आठवड्यानं आलं. ज्या कागदासाठी मी वर्षभर जीव टाकला होता तो हातात होता. आणि सुजाताची आई म्हणाली, "अजून एक वर्ष बाईंकडेच राहू दे. तुमचं शिक्षण पुरं झालेलं नाही." मी चिडलो, मग हसलो, मग पत्र कपाटात ठेवलं. एक वर्षानं ती आमच्या कॉलनीजवळच्या साध्या मराठी शाळेत पहिलीला गेली, मैत्रिणींबरोबर पायी. त्या निर्णयाचा मला एक दिवसही पस्तावा झाला नाही.

मग बरीच वर्षं गेली. बाईंनी गुडघ्यांपायी शाळा बंद केली, घर विकलं आणि नाशिकरोडला भाचीकडे राहायला गेल्या. सुजाता दहावी पास झाली तेव्हा मी आणि ती पेढे घेऊन त्यांना भेटायला गेलो. बाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. वाळलेल्या, लहान झालेल्या, पण मनगटावर तेच घड्याळ.

"या," त्या सुजाताला म्हणाल्या. "बसा. केवढ्या उंच झालात तुम्ही." मग माझ्याकडे बघून, "तू आलास ते बरं झालं. तुझा वार राहिलाय."

मी हसलो. "बाई, बारा वर्षं होत आली त्याला."

"साडेनऊला उठवलं होतं तुला. दीड तास राहिलाय. साडेचार ते सहा. बस."

मी सुजाताकडे पाहिलं. ती हसत होती, पण तिनंच कोपऱ्यातला पाट आणून माझ्यासमोर ठेवला. पंचेचाळिशीच्या माणसानं पाटावर बसणं सोपं नसतं. मी बसलो. समोर भिंतीवरचं घड्याळ होतं, ते मी मनात टिपून ठेवलं. साडेचार.

त्या दोघी बोलत राहिल्या. मार्क, मैत्रिणी, पुढे काय करणार, मंदाचं इतक्या लवकर ठरलेलं लग्न, बाईंच्या भाचीचा स्वयंपाक. मुलगी इतकी छान बोलते हे मला माहीत नव्हतं. घरी तिचं अर्धं वाक्य झालं की मी उरलेलं पुरं करायचो. चहा आला, मला कुणी विचारला नाही. बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "अहो, एक विचारायचं राहून गेलं. तेव्हा तुम्ही बोलत का नव्हता?"

सुजातानं पेढ्यांची ताटली मांडीवर घेतली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला बोलायचं असायचं, बाई. पण कुणी नाव विचारलं की बाबांचा हात माझ्या हातावर घट्ट व्हायचा. ओला व्हायचा. आणि मी तोंड उघडायच्या आत ते बोलून टाकायचे. मला वाटायचं, आपलं नाव ही काहीतरी घाबरायची गोष्ट आहे. सांगितली तर बाबांना काहीतरी होईल."

"मग त्या दिवशी कसं सांगितलंत?"

"त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला नव्हता. आणि घाबरलेले तर तेच दिसत होते. म्हटलं, आपणच सांगून टाकू, बघू काय होतं." ती हसली. "काहीच झालं नाही. मंदानं पेरू दिला."

माझं तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो देव जाणे. चुकलं माझं, म्हणणार होतो बहुधा, किंवा गावच्या शाळेतल्या दाराजवळच्या जागेचं सांगणार होतो, जे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. बाईंनी न बघताच एक बोट वर केलं. मी तोंड मिटलं. सुजातानं आपल्या ताटलीतला अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला आणि पुढे बोलायला लागली, दहावीच्या परीक्षेत शेजारच्या मुलीनं काय केलं ते. तिला माझ्याबद्दल काही राग नव्हता. नुसतं विचारलं म्हणून सांगितलं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले. माझा दीड तास भरला होता. मी उठायला गुडघ्यांवर हात टेकले. बाईंनी मनगट वर करून मला त्यांचं घड्याळ दाखवलं. पावणेसहा.

मी पुन्हा नीट मांडी घालून बसलो. सुजाता बोलत होती, आणि मला ऐकायला अजून पंधरा मिनिटं मिळाली होती.